एक ओळ दे, मंग थांब

कुरखेड्याच्या नाटक मंडळात प्रफुलला कोणी नट म्हणून घेतलं नाही. आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक. पण वाचणं पक्कं. म्हणून दादाजींनी, मंडळाच्या जुन्या दिग्दर्शकानं, त्याला पडद्याआड प्रॉम्प्टर म्हणून बसवलं. पहिल्याच प्रयोगात या गड्यानं घाईघाईत तीन वाक्यं एका दमात सोडली. समोर दसरू मुकुट घालून राजा बनून उभा. कानात आलं तसं त्यानं ठोकून दिलं, "सेनापती, शत्रू वेशीपाशी चहात साखर कमी पडली!"

मांडव हसून हसून लोळला.

आत आल्यावर दादाजी म्हणाले, "एक ओळ दे. त्याच्या तोंडून येऊ दे. मंग दुसरी. कायची घाई हाये बे तुले?"

हाच प्रफुल पुढं डिप्लोमा करून नागपूरच्या एका कंपनीत लागला. काम म्हणजे गावोगावच्या डेटा सेंटरमधली यंत्रं दुरून सांभाळायची. नेटवर्क धडधाकट असेल तर त्यात काही मोठेपणा नाही. नेटवर्कच मेलं की मात्र एकच वाट उरते. यंत्रांच्या कपाटात एक लहानशी पेटी असते, कन्सोल सर्व्हर. तिच्या बारीक तारा एकेका यंत्राच्या पाठीत खोचलेल्या आणि पेटीला स्वतःचं सिमकार्ड. सारं बंद पडलं तरी या मागच्या दारानं यंत्राशी बोलता येतं. सावकाश, अक्षर अक्षर.

हे काम तो कुरखेड्यात घरूनच करी. बायको रुपालीला इथल्याच दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, आणि गावच्या तळ्यात मासे धरणारी आई इंदिराबाई ते तळं सोडायला तयार नव्हती. म्हणे, "नागपुरात मासोळी फ्रीजमधी राह्यते. मले नाई जमत."

कंपनीतल्या सुरेंद्र साहेबांना ही गोष्ट पटलीच नव्हती. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "तू तिथी बसला म्हनून एक जरी यंत्र पडून राह्यलं, त दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन इकडं यायचं."

तो दिवस आला. भर दुपारी चंद्रपूरच्या डेटा सेंटरात विजेनं झटका दिला. वीज परत आली, पण साऱ्या यंत्रांना जोडणारा मोठा स्विच कोरा होऊन उठला. शिकवलेलं सगळं विसरला. प्रफुलनं तिथले पहारेकरी वहाबभाई यांना फोन लावला.

"वहाबभाई, बत्ती कोनती हाये?"

"लाल ना भाऊ! सबच्या सब लाल. लगीनघर करून टाकलं यानं."

प्रफुल पेटीच्या वाटेनं आत शिरला. स्विचला काय काय सांगायचं ते सगळं त्याच्याजवळ जपलेलं होतंच. तेवढ्यात साहेबांचा फोन. "गिऱ्हाईक डोक्यावर बसलं हाये. मी गाडी काढली. मी चंद्रपूरले पोचेपर्यंत झालं नाई, त मीच करतो. अन् तू उद्या नागपुरात!"

साहेबांचा आवाज ओसरीपर्यंत गेला. इंदिराबाई जाळं विणता विणता उठली आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

प्रफुलच्या बोटांना घाई सुटली. त्यानं साऱ्या ओळी एकदम उचलल्या आणि तारेत ओतल्या.

"भाऊ, बत्ती हरी झाली!" परत फोनवर आलेले वहाबभाई ओरडले. "नाई नाई, गेली!"

संगणकाच्या पडद्यावर चिखल झाला होता. एका ओळीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला चिकटलेलं. मधले शब्द गायब. यंत्र एक ओळ गिळत होतं तेवढ्यात वरून ढीग कोसळला होता. जे कानी पडलं ते खरं मानून ते बसलं होतं. प्रफुल पाहत राहिला, आणि त्या चिखलातून त्याला मुकुट घातलेला दसरू दिसला, वेशीपाशी साखर मागणारा. त्याला हसू फुटलं.

"काऊन हासून राह्यला बे?" इंदिराबाई म्हणाली. "बॅगेत स्वेटर टाकू का नको?"

"थांब न माय!"

त्यानं स्विच पुन्हा कोरा करून उठवला. त्यात वेळ गेला. साहेबांचा फोन आला, "वरोरा सोडलं मी."

"फोन ठेवतो सर, नट उभा हाये," एवढं बोलून त्यानं फोन पालथा घातला.

मग मांडी घातली, मान वाकवली, पडद्याआड बसायचा तसा बसला. एक ओळ दिली. थांबला. यंत्रानं ती जशीच्या तशी म्हणून दाखवली. मग दुसरी दिली. एखाद्या ओळीला यंत्र लांब श्वास घेई. बोटं शिवशिवत, पण त्यानं ढकललं नाही. असं करत शेवटची ओळ दिली: हे सारं ध्यानात ठेव. यंत्रानं मान्य केलं.

फोन सुलटा करून वहाबभाईंना लावला तर ते नाचतच होते. "एक हरी! दुसरी बी! या अल्ला, सारी रांग हरी झाली ना भाऊ!"

साहेब दारात पोचले तेव्हा वहाबभाई चहा घेऊन उभे. "उशीर केला साहेब. लगीन लागून गेलं."

साहेबांनी कपाट पाहिलं, हिरव्या बत्त्या पाहिल्या, तिथूनच प्रफुलला फोन लावला. "कसं केलं बे?"

"हळू, सर."

साहेबांनी वहाबभाईंच्या हातातला चहा घेतला आणि म्हणाले, "राह्य मंग तिथीच. अन् इथल्या पोराईले शिकव हे हळू."

रुपाली ड्युटीवरून आली तेव्हा बॅग ओसरीतच तोंड वासून पडली होती. "कोन चाललं, आत्याबाई?"

"कोनी नाई," इंदिराबाई जाळ्यावरून मान न उचलता म्हणाली. "नाटकाचे कपडे ठेवाले काढली. दसरूचा मुकुट कवाचा माळ्यावर पोत्यात सडून राह्यला."