पळसपापडीची पुरचुंडी

बायको गेली आणि घरात बोलायला तिची कुत्री उरली. मी त्या कुत्रीला कधी भात टाकला नव्हता, लाथ मात्र बरेचदा दाखवली होती. तरी ती माझ्याच मागं फिरू लागली, कारण तिला दुसरं कोणी नव्हतं. मलाही नव्हतं. पोरगी दुर्गला दिलेली. ती रविवारी मोबाइलवर विचारायची, "बाबा, जेवले काय?" जेवलो म्हणायचो. बोलणं संपायचं.

धानाची मळणी झाली आणि कुत्री तणसीच्या ढिगात व्याली. चार पिल्लं झाली, महिनाभरात तीन मेली. सकाळी जाऊन पाहावं तर एखादं कडक होऊन पडलेलं. बांधावर नेऊन पुरलं. बायको होती तेव्हा या कुत्रीचं एकही पिल्लू गेलेलं मला आठवत नाही. आता माझ्या हाताखाली मरून राहिले, असं वाटायचं.

उरलं एक काळं, पांढऱ्या पायांचं. हे जगलं पाहिजे, एवढंच मनात धरलं. सकाळ-संध्याकाळ त्याला भाताची पेज पाजली. पोट मडक्यासारखं गच्च झालं. मला बरं वाटलं. आमच्याकडं पोट दिसलं की खाऊन-पिऊन सुखी, असंच धरतात. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "भाऊजी, हे तं पाटील झालं. आता याले एक धोतर आणा."

मग एका सकाळी त्यानं अंगणात ओकलं. पेज पडली आणि पेजेत पांढऱ्या शेवयांचा गुंता. त्या शेवया हलत होत्या.

पिल्लू पिशवीत घातलं आणि आमच्या दरेकसा स्टेशनावरून पॅसेंजरनं तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं सगळे बैल-म्हशी धरून उभे. एकानं पिशवीत डोकावून विचारलं, "काय बुढाजी, किती लिटर देते?"

"तुझ्या म्हशीवानी बोंबलत तं नाई," मी म्हणालो. बायको गेल्यापासून कोणाला उलटून बोललो नव्हतो.

डाक्टरीणबाई तरुण होती. तिनं पिल्लाचं पोट चाचपलं, ओठ उलटून हिरड्या पाहिल्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"बाबा, हे पोट पेजेचं नाही, जंतांचं आहे."

"मी तं याले माती बी चाटू देत नाई. जंत आले कुठून?"

"आईकडून. पोटात असतानाच पिल्लांना लागतात, मग दुधातूनही जातात. आई धडधाकट दिसते, पण तिच्या अंगात असतात. याआधीच्या पिल्लांना औषध कोण द्यायचं?"

"कोणीच नाई. आपोआप जगत होते."

तिनं पातळ औषध दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा द्या, कुत्रीलाही द्या म्हणाली. विष्ठा रोज उचलून खड्ड्यात पुरा, हात धुवा, त्यातली अंडी मातीत राहतात आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जातात, असंही बजावलं. पिल्लू वाचेल काय, विचारलं. "रक्त कमी आहे. पाहू," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर शेजारणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"आपोआप कायचे जगतात? तुमची बाई देत होती ना. पळसाच्या शेंगा वेचून आणे, बिया वाळवून कुटे, गुळात गोळी करे. तुमच्या पोरीले, माझ्या पोरायले, अन मंग कुत्रीच्या पिलायले. तुमाले ठाऊक नाई?"

"नाई."

"एकाच घरात राहत होते ना दोघं?"

चुलीच्या वरच्या खुंटीला एक फडक्याची पुरचुंडी लटकत होती. इतकी वर्षं ती मला दिसतच होती. सोडली तर आत पळसाच्या चपट्या, तांबूस बिया, पळसपापडी. त्यांना कीड लागून भुगा झाला होता. बायकोला जाऊन आठ महिने होत आले होते, बियांची काळजी कोण घेणार. मी पुरचुंडी पुन्हा बांधून ठेवली. भूक नव्हती, पण कुत्रीसाठी भात टाकला.

औषधानं दोन दिवस जंत पडले. मी उचलून पुरत गेलो. पोट एकदम बसलं आणि खाली निव्वळ बरगड्या निघाल्या. मी त्याला पोत्यावर उन्हात ठेवायचो आणि बाजूला बसायचो. तिसऱ्या दिवशी ते उठलं, लटपटत भांड्यापाशी गेलं आणि भांडं उलटं करून टाकलं. मी पुन्हा पेज केली.

दुसऱ्या खेपेला डाक्टरीणबाईला पळसपापडीचं विचारलं. ती म्हणाली, जुनं औषध आहे, पण एवढ्याशा पिल्लाला अंदाजानं देऊ नका. बरं म्हणालो.

तरी पळसाच्या शेंगा वाळल्या तेव्हा जंगलाच्या कडेला गेलो आणि दुपट्टाभर वेचून आणल्या. पिल्लू मागं होतंच. शेजारणीनं विचारलं, "आता औषध हाय ना, मंग हे कायले?"

"तो भुगा टाकला तं खुंटी रिकामी दिसते," मी म्हणालो. जुना भुगा फेकला, फडकं धुतलं, बिया वाळत घातल्या.