चांदवडच्या स्टँडवरची विमलताई

विमलताई गेल्याचं शिपाई सांगत आला, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले. "असं अभद्र बोलू नये," म्हणाले आणि हातातल्या वह्या तपासत राहिले. तो दारातच उभा राहिला... त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी वह्या तशाच टाकून उठले. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही बरोबर शाळेतून निघालो होतो. रविवार कारंजाच्या चौकात "उद्या भेटू गं" म्हणून ती वळली होती. जेमतेम पंचेचाळिशीची, कधी डोकं दुखतंय म्हणून रजा न घेतलेली बाई! मी तिच्या घरी पोचले, तर तिचे यजमान मधुकरराव ओट्यापाशी उभे होते. "चहा ठेवते म्हणाली, आणि वाकली. मला वाटलं, काही पडलं असेल तर उचलतेय..." एवढंच ते येईल त्याला सांगत होते.

आता दीड महिना होऊन गेला. त्यांच्या बौद्ध रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आदरांजलीचा कार्यक्रम झाला, लोक तिच्याविषयी बोलले. अजून ते खरं वाटत नाही.

नाशिकच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी नवी लागले, तेव्हा विमलताई विज्ञान शिकवायची. मोठी म्हणून 'ताई' आणि मैत्रीण म्हणून 'अगं-तुगं', असं आमचं होतं. आणीबाणीच्या आधीची गोष्ट असेल, देवळाली कॅम्पात एका दुकानात ती मला घेऊन गेली. तिथे मिलिटरीवाल्यांच्या हातून आलेल्या फॉरेनच्या वस्तू मिळत. तिला घडीचा चाकू घ्यायचा होता, एकात अनेक हत्यारं असलेला. दुकानदारानं सगळ्यात जाडजूड नग पुढे केला. करवत, भिंग, माशाचे खवले काढायची पट्टी, काय वाट्टेल ते त्यात होतं. विमलताईनं तो तळहातावर तोलला आणि परत ठेवला. "हा घरी पडून राहील. रोज जवळ बाळगला जाईल तोच आपला." मग एक बारीकसा निवडला: दोन पाती, छोटी कात्री, डबा फोडायचा आकडा आणि पेचकस. एवढ्यावर थांबली नाही. दुकानदाराकडे पाणी मागितलं, बोटं ओली केली आणि पातं नखानं उघडून पाहिलं.

"बाई, हे काय करता?"

"गरज लागते तेव्हा हात कोरडे असतातच असं नाही, शेठ."

पातं उघडल्यावर ते घट्ट राहतं का, बोटावर मिटत तर नाही ना, हेही दाबून पाहिलं. तेव्हापासून तो चाकू तिच्या कनवटीला. पर्समध्ये का ठेवत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "पर्स शोधण्यात वेळ जातो." प्रयोगशाळेतला प्लग, मुलींच्या चपलांचे अंगठे, सहलीतले डबे, सगळं त्यावरच. आम्ही तिला 'कारखाना' म्हणून चिडवायचो. ती हसायची आणि रविवारी चाकूच्या सांध्यांत खोबरेल सोडायची.

पुढे एका वर्षी परीक्षेच्या कामाला आम्ही चांदवडला गेलो होतो. परतीच्या एसटीला अवकाश होता म्हणून स्टँडबाहेरच्या रसवंतीवर बसलो. चरक इंजिनावर चालायचा. शेजारून एक तरुण बाई पेला ठेवायला गेली, आणि तिचा पदर पट्ट्यात ओढला गेला. उन्हासाठी तिनं तो गळ्याभोवती घट्ट गुंडाळला होता. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती मागे खेचली गेली. रसवाला इंजिन बंद करायला मागच्या बाजूला धावला, बाकीचे आम्ही नुसते ओरडत राहिलो... मी तर जागची हललेही नाही. विमलताईच्या हातावर रस सांडला होता. त्याच ओल्या हातानं तिनं पातं उघडलं, त्या बाईच्या मानेशी बोट घातलं आणि कापड सर्रकन कापलं. इंजिन त्यानंतर थांबलं.

विमलताईच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. ती बाई मान चोळत खाली बसली, आणि एकदम रडायला लागली.

"नवं लुगडं व्हतं वो बाई... घरी काय सांगू? मालक लय चिडतील."

"चल, मी येते सांगायला," विमलताई म्हणाली.

आमची एसटी गेली. गावाबाहेरच्या त्यांच्या घरी नवरा कांदे निवडत होता. फाटलेला पदर बघून तो उठला, तोंड उघडणार तोच विमलताईनं त्या बाईची हनुवटी वर केली आणि गळ्यावरचा लालभडक वळ त्याला दाखवला. तो पाहतच राहिला. मग कांद्यांच्या ढिगावरच मटकन बसला. "पाणी आण गं," तो बायकोला म्हणाला, आणि लगेच, "नाय, तू बस. म्या आणतो."

परत येताना एसटीत विमलताई अंगठ्याला रुमाल गुंडाळून चाकूचं पातं पुसत होती. "सुनंदा, जरा उशीर झाला असता तर?" तिनं विचारलं. मी तिचा हात धरून बसले.

स्टाफरूमच्या खिडकीच्या खिट्टीचा स्क्रू गेल्या आठवड्यात निसटला. वारा आला की तावदान आपटतं. आपटलं की आम्ही सगळ्याजणी एकदम मान वर करून दाराकडे बघतो. मग कोणीतरी हळूच वहीत डोकं घालतं. तावदान आपटतच राहतं... उठत कोणी नाही.