नजर लागू नये म्हणून केलेल्या तक्रारी

किस्से गोळा करायचे असतील तर गप्प बसावं, असा माझा अनुभव आहे. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात आणि त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलतात. मी नववीत आहे. वर्गात हजेरी सोडली तर माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. पण आमच्या वृद्धाश्रमातल्या गोष्टी लिहून लिहून माझी दोनशे पानी वही भरत आली आहे.

माझी आई तिथली सिस्टर. सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत ही बैठी इमारत आहे. तिच्यात वीसेक म्हातारी माणसं राहतात आणि मागच्या खोलीत आम्ही दोघी. यंदा उन्हाळ्याआधी हा आश्रम बंद व्हायची वेळ आली होती. ती कशी आली आणि पुढे काय झालं, ते सांगते.

*

वरच्या ऑफिसकडून एक साहेब तपासणीला आले. हातात सायक्लोस्टाईल केलेला फॉर्म. जेवण कसं, औषध वेळेवर मिळतं का, सिस्टर लक्ष देते का, असे प्रश्न. साहेब स्वतः खाटेखाटेपाशी जाऊन विचारणार आणि लिहिणार.

पहिली खाट नीलव्वा आजींची. त्या अक्कलकोटकडच्या, कानडी हेलात मराठी बोलतात.

"आजी, जेवण कसं असतं?"

"कसलं काय. दोन घास गिळायचे."

मी दारातच उभी होते. तासाभरापूर्वी याच आजींनी तिसरी भाकरी मागून घेतली होती!

"आणि सिस्टर?"

"हाय की. असून नसल्यासारखी."

साहेबांनी लिहून घेतलं.

पुढे हुसेनचाचा. त्यांनी आयुष्यभर स्टेशनवर टांगा चालवला. औषध वेळेवर मिळतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मिलता है साहब, मगर कडवा मिलता है."

तेही साहेबांनी लिहून घेतलं.

*

शेवटी नरसप्पा आजोबा. ते गिरणीच्या फोल्डिंग खात्यात होते. तयार चादर टेबलावर पसरायची, तळहात फिरवायचा आणि खोट सापडली की खडूने खूण करायची, हेच काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. साहेबांनी त्यांना विचारलं, "काही तक्रार?"

आजोबांचा चेहरा उजळला. निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"तिसऱ्या खाटेच्या चादरीला किनारीत दोन दोरे तुटलेत. खिडकीची कडी ढिली. पितळी तांब्याला पोचा. स्वयंपाकीणबाईंच्या चपात्या एका बाजूला जाड..."

साहेब भराभर लिहीत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पान भरलं."

"मागं कोरं हाय की," आजोबा म्हणाले.

जाताना साहेबांनी आणखी एक गोष्ट टिपून घेतली. आजोबांच्या खोलीच्या भिंतीला लागून पॉवरलूमची शेड आहे. साहेबांनी कानावर हात ठेवून लिहिलं, 'वृद्धास गोंगाटाच्या खोलीत ठेवले आहे.'

*

आठ दिवसांनी पत्र आलं. काळजी समाधानकारक नाही. महिन्याने पुन्हा तपासणी होईल. सुधारणा न दिसल्यास आश्रम बंद करून सर्वांना वेगवेगळ्या गावी पाठवलं जाईल.

आईने ते सगळ्यांना व्हरांड्यात बसवून वाचून दाखवलं. मग फक्त एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

मग नीलव्वा आजी चिडून म्हणाल्या, "तुझं कुटं काय चुकलं? परक्या माणसापुढं आपलं चांगलं हाय म्हणून सांगत्यात व्हय? नजर लागती!"

चाचांनी मान डोलावली. "एक बार मैंने सवारी के सामने घोडी की तारीफ की. शाम को लंगडी हो गई."

आईने नरसप्पा आजोबांकडे पाहिलं.

"मला नजरेचं काही ठाऊक नाही," आजोबा म्हणाले. "पण तेवढीच खोट निघाली, म्हणजे माल एक नंबर. हे त्या माणसाला कळू नये?"

*

मग आईने तालीम घ्यायचं ठरवलं. साहेब मी. कारण काय, तर साहेबांसारखाच मलाही चष्मा आहे आणि मीही कमी बोलते.

मी पाटी मांडीवर घेऊन नीलव्वा आजींसमोर बसले आणि विचारलं, "जेवण कसं असतं?"

"जोरात विचार की गं मुके," आजी म्हणाल्या. "साहेब असा कुजबुजतोय व्हय?"

मी जोरात विचारलं. आजींनी डोळे मिटले आणि कडू काढा प्यावा तसं एका दमात म्हणाल्या, "चांगलं हाय." लगेच उठल्या, स्वयंपाकघरातून मीठ-मिरच्या आणल्या, आईवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या.

ज्याने ज्याने कौतुक केलं, त्या प्रत्येकामागे आजी मीठ-मिरच्या घेऊन. दुपारपर्यंत अख्खा आश्रम खोकत होता.

आठवड्याला येणारे डॉक्टर नेमके त्याच दिवशी आले. दारातच थबकून त्यांनी आईला विचारलं, "सिस्टर, कसली साथ आलीय?"

*

साहेब ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आले. आई एका आजोबांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला गेली होती. स्वयंपाकीणबाई बाजारात. दार मी उघडलं. मी नुसतं बाजूला झाले.

तालीम झालेली होतीच. ती आता बांध फुटल्यासारखी बाहेर पडली.

"साहब, ऐसा खाना तो शादी में नहीं मिलता. रोज बिर्याणी!" चाचा म्हणाले. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही.

नीलव्वा आजींनी साहेबांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "सिस्टर चांगली, जेवण चांगलं, औषध चांगलं, तुमी पण चांगले."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "महिन्यापूर्वी हीच माणसं उलट सांगत होती," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "यांना कुणी पढवलं?"

पढवणारी मीच होते. मी खाली मान घातली.

*

साहेब निघाले ते नरसप्पा आजोबांच्या खोलीवरून. आत डोकावले. भिंतीपलीकडे मागांची खटाखट चालू होती, खाटेची पट्टीसुद्धा थरथरत होती आणि आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

"याच खोलीत अजून?" साहेब रागाने म्हणाले.

तेवढ्यात वीज गेली. माग थांबले. सगळीकडे एकदम शांत झालं.

आजोबा दचकून उठून बसले. "काय झालं? कोण गेलं?"

आता मात्र मला बोलावंच लागलं. "ते आधी पुढच्या खोलीत होते, साहेब. तिथं त्यांना झोप येत नव्हती. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, फार शांत आहे. म्हणून तिने खाट इकडे आणली."

माझं बोलणं संपायला आणि वीज यायला एकच गाठ पडली. माग सुरू झाले. साहेब काही विचारणार होते, पण आजोबा पुन्हा आडवे झाले होते आणि घोरतही होते.

मग साहेबांनी व्हरांड्यात येऊन नीलव्वा आजींना वेगळ्याच आवाजात म्हटलं, "आजी, पहिल्या खेपेला तुम्ही सांगितलंत, इथं त्रास आहे. ठीक आहे. मोहोळला चांगली जागा बघितली आहे. उद्या गाडी पाठवतो. सामान बांधा."

मला वाटलं, संपलं.

नीलव्वा आजी काठी टेकत उठल्या. "पाठवा की. पर गाडीत पयली सिस्टर बसंल. मागून आमी."

"और ये मुकी भी," चाचा म्हणाले. "चष्मा कौन ढूंढेगा मेरा?"

"सिस्टर कशाला?" साहेब म्हणाले. "ती तर असून नसल्यासारखी ना?"

"तेच की," आजी म्हणाल्या. "मग जागा पन लागणार न्हाई तिला."

साहेबांनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि ते निघून गेले. फॉर्मवर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं, बिर्याणीसकट. तिने कपाळाला हात लावला.

*

पुढचे दहा-बारा दिवस पोस्टमन दिसला की आई हातातलं काम टाकून उभी राहायची. पत्र आलं नाही.

एका रविवारी सकाळी दारात टांगा थांबला. साहेब उतरले. आज अंगात साधा पायजमा-सदरा होता आणि हातात फॉर्म नव्हता. टांग्यात एक बारीकशा बाई बसल्या होत्या, पदर घट्ट धरून, तोंड पलीकडे करून. टांग्याच्या मागे पत्र्याची ट्रंक बांधलेली होती.

आई धावत बाहेर आली. "साहेब, रिपोर्ट..."

साहेबांनी हाताने थांबा अशी खूण केली. "ही माझी आत्या. हिनेच मला वाढवलं. घरी आम्ही दोघंही नोकरीला जातो, ही दिवसभर एकटी भिंतीकडे बघत बसते. इथं यायला तयार नाही. म्हणते, आधी तिथल्या माणसाला विचारीन, मगच टांग्यातून उतरीन."

नीलव्वा आजी पुढे झाल्या. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा बाई. कसं आहे इथं?"

आईने डोळे मिटून घेतले. मी चौकट घट्ट धरली.

नीलव्वा आजींनी आत्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग टांग्याच्या पायरीवर हात ठेवून म्हणाल्या, "लई हाल हायत बाई हितं. घटकाभर एकटं बसू देत न्हाईत. डोस्कं जरा दुखलं तर दहादा विचारत्यात. भूक न्हाई म्हटलं तर ती सिस्टर समोर बसून ऱ्हाती, खाल्ल्याबिगर उठतच न्हाई. जीव नकोसा करत्यात."

साहेब टांगेवाल्याकडे वळले.

"ट्रंक उतरव," ते म्हणाले.