अर्ध्यात बसणारा आवाज

माझी आत्या माणसांवर चटकन विश्वास ठेवत नाही आणि यंत्रांवर तर मुळीच नाही. गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, घेऊन कुणी दारात आलं की ती आधी अ‍ॅम्पकडे बघत नाही, आणणाऱ्याकडे बघते. "काय केलंस त्याला?" हा पहिला प्रश्न. तो बिचारा म्हणतो, "काहीच नाही, आपोआप बिघडला." त्यावर ती "आपोआप फक्त दूध नासतं" म्हणत त्याला स्टुलावर बसवते.

तरुणपणी ती रेडिओच्या कारखान्यात रांगेत बसून तारा जोडायची. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या बायकांनी शिवणयंत्रं घेतली, हिने तारा डाखायचं सोल्डरिंग आयर्न घेतलं. लग्न केलं नाही. "एकाने विचारलं होतं, मीच तपासून परत पाठवला," असं सांगते. खरं-खोटं विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. आता स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ती जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प दुरुस्त करते, म्हणजे ज्यांच्यात काचेच्या नळ्या तापून लाल होतात ते. तिच्या एप्रनला एकच खिसा आहे, डावीकडे. चालू अ‍ॅम्पमध्ये उजवा हात घालायचा आणि डावा खिशात ठेवायचा, कारण दोन्ही हात आत गेले तर वीज एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. हे ती पापड भाजायची कृती सांगावी इतक्या थंडपणे सांगते.

मी तिची भाची. माझं चष्म्याचं दुकान आहे, गाडी आहे आणि पाठ अजून धड आहे, एवढ्या भांडवलावर तिने मला हमाल नेमलंय. हे अ‍ॅम्प उचलून बघा एकदा. आत लोखंडाचे ठोकळे असतात आणि वरचा पट्टा फक्त शोभेला.

तर एका सुट्टीच्या दिवशी एक चाळिशीचा गिटारवाला आला. अ‍ॅम्प ठेवला आणि उभाच राहिला. बोलेना. आत्याने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं असणार, कारण चहा टाकताना मला म्हणाली, "त्या घुम्याला विचार, साखर किती." शेवटी कळलं ते असं: अ‍ॅम्प छान वाजतो आणि वाजता वाजता अचानक आवाज बसतो. बंद होत नाही, अर्ध्याहून कमी होतो आणि चिरकतो. थोड्या वेळाने पुन्हा ठीक.

आत्याने फ्यूज पाहिला, स्पीकरची वायर बदलली, एकेक व्हॉल्व्ह काढून तिथे स्वतःचा तपासलेला व्हॉल्व्ह बसवला. घुम्या वाजवत राहिला. जोरात, हळू, वर, खाली. आवाज काही बसेना. अ‍ॅम्प शहाण्या मुलासारखा वागत होता.

"चला, बरा झाला," मी म्हणाले. मला घरी जायचं होतं.

"बरा झाला नाही, लपलाय," आत्या म्हणाली. तिचा एक नियम आहे. बिघाड स्वतःच्या हाताने पुन्हा घडवून आणता आला, तरच तो सापडला म्हणायचं. या नियमापायी माझ्या किती सुट्ट्या वाया गेल्यात ते मलाच माहीत. तिने स्टूल पुढे ओढलं. "घरी काय वाजवतोस जे इथे वाजवत नाहीस?"

घुम्याचे कान लाल झाले. मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. अ‍ॅम्प त्याच्या मोठ्या भावाचा. भाऊ गेल्यावर याने त्याच्यासाठी एक चाल बांधली. ती चाल तो घरी आईसमोर वाजवतो आणि आवाज बसतो तो तेवढ्याच चालीत, दर वेळी त्याच जागी. दुसऱ्या कशालाच बसत नाही. आईचं म्हणणं, दादाच थांबवतो. त्याला नको असेल.

"आणि तुझं म्हणणं?"

"मला माहीत नाही, काकू. पण दादाला नको असेल, तर मला वाजवायचंच नाही. काही सापडलं नाही, तर अ‍ॅम्प देऊन टाकणार आणि गिटारपण ठेवून देणार. ठरलंय माझं."

मी रुमाल शोधायला लागले. आत्याने मात्र कान टवकारले. "त्या जागी काय वाजतं?"

"सगळ्यात जाड तार, मोकळी. तिचा सूर मी त्या चालीपुरता खाली उतरवतो."

"फक्त त्या चालीपुरता?"

"हो."

आत्या उठली, एप्रन पिशवीत कोंबला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी काढ." त्याने इथेच तार उतरवून वाजवलं असतं तर काम भागलं असतं, पण ती चाल तो घराबाहेर वाजवायला तयार नव्हता. झालं, उचल अ‍ॅम्प.

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. वर पोचले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं. आई दार उघडून बाजूला झाली. बारीक चणीची, नीट विंचरलेली, कमी बोलणारी बाई. घुम्या कुणावर गेलाय ते कळलं. अ‍ॅम्पसमोर तिची खुर्ची ठरलेली होती. ती तिच्यावर बसली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागली, दाराची बेल वाजणार असल्यासारखी.

घुम्याने तार उतरवली आणि वाजवायला लागला. साधी चाल होती, रेंगाळत खाली जाणारी. जाड तार छेडली आणि आवाज धपकन बसला. आईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. कुणीतरी वेळेवर घरी आल्यासारखी ती दिसत होती.

"बघा," ती म्हणाली. "इथेच थांबवतो."

आत्याने एप्रन चढवला. तिने अ‍ॅम्पचं पोट उघडून आडवं ठेवलं, आवाज परत आल्यावर डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातात रंगाच्या ब्रशची लाकडी दांडी घेतली. घुम्याला वाजवत ठेवून दांडीच्या टोकाने ती एकेका जोडावर टकटक करत गेली. शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाच्या बुडाशी टक केलं आणि आवाज बसला. पुन्हा टक केलं, आला. पुन्हा टक, गेला. आत्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

"दोघं मिळून कपाट उचलतात तसे हे दोन व्हॉल्व्ह," तिने सांगितलं. "तुझा तो खालचा सूर याला बरोबर हलवतो. जोड सुटतो, हा कपाट सोडतो आणि सगळा भार दुसऱ्यावर." तिने टॉर्च मारला. आत सोल्डरचा एक मोठा, मळकट गोळा होता. "हे कारखान्याचं काम नाही. कुणी केलंय?"

"दादानेच," घुम्या म्हणाला. "जायच्या थोडं आधी. गॅलरीत बसून."

"वाऱ्यात? आणि आयर्न छोटं असणार. म्हणून गोळा नुसता वर बसलाय, धरलेलं काही नाही. वाजवणारी माणसं हटकून असंच करतात. सूर लागला की काम झालं समजतात."

"मीच त्याला गॅलरीत पाठवलं होतं," आई म्हणाली. "धुराचा वास येतो म्हणून." मग त्या गोळ्याकडे बघत तिने विचारलं, "म्हणजे थांबवणारा तो नव्हताच?"

आत्याला खोटं बोलता येत नाही. ती पटकन म्हणाली, "थांबत होतं ते त्याच्याच हातच्या कामामुळे. पण मुद्दाम नाही केलं त्याने. त्याला अ‍ॅम्प चालू राहायला हवा होता, म्हणून तर बसला होता तिथे."

"आणि तुम्ही हे काढलंत की पुन्हा थांबणार नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता तरी हिने जरा गोड बोलावं. काढू नका असं आई म्हणाली असती तर मी अ‍ॅम्प तसाच ठेवून आत्याला ओढत खाली नेलं असतं. घुम्या मान खाली घालून उभा होता. 

"एकदा तसंच वाजव," आई त्याला म्हणाली. "मग त्यांना काढू दे."

त्याने वाजवलं. आवाज बसला. "बरं बाबा," आई हळूच म्हणाली, आणि ते घुम्याला म्हटलेलं नव्हतं.

मग आत्याने अ‍ॅम्प बंद केला, आत साठलेली वीज उतरू दिली, गोळा वितळवून काढला, त्याखालचं पितळ खरवडून चकचकीत केलं आणि नवा जोड दिला. पुन्हा चालू करून लाकडी दांडीने ठोक ठोक ठोकलं. आवाज हलला नाही. तिने हात टेकून पाठ सरळ केली आणि घुम्याला खूण केली.

या वेळी जाड तार घुमली आणि घुमत राहिली. चाल तिथे थांबली नाही. तिथून ती वळली आणि वर चढायला लागली. खालच्या भागात होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वर होतं, ऐसपैस, मध्येच खोडकर. आई खुर्चीत पुढे सरकली. संपल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"पुढे एवढं होतं?"

"पहिल्यापासून होतं."

"मग कधी सांगितलं नाहीस ते?"

घुम्याने तारांवर हात ठेवला. "आवाज बसला की तू उठून जायचीस, आई. दादाचं ऐकून झालेलं असायचं तुझं."

आत्या आवराआवर करता करता थांबली. मी खिडकीबाहेर बघायला लागले. आई उठली, खुर्ची उचलून अ‍ॅम्पसमोरून काढली आणि लेकासमोर ठेवून तिच्यावर बसली.

"पहिल्यापासून वाजव," ती म्हणाली. "तुझं ऐकते."