सावलीतला कोपरा

ज्यात अंग आपल्यावरच उलटतं, त्या ल्युपसच्या तपासणीसाठी मी नाशिकच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. खिडकीतलं ऊन माझ्या हातावर आलं, तशी भिंतीकडची बाई अंग चोरून बसली आणि म्हणाली, "इकडं सरका. आपल्याला ऊन सोसत नाय."

'आपल्याला' म्हणाली. तिच्याही गालांवर माझ्यासारखाच तांबूस चट्टा होता. निफाडकडची होती, घरची द्राक्षबाग. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवलेला. बोलताना सुजलेली बोटं एकेक करून दाबत होती.

मी म्हटलं, "माझं दुखणं थांबलंय. आज गोळ्या बंद करा म्हणून सांगणार आहे."

"मला बरं वाटलं, तर मी न विचारताच सोडल्या. किडनीला सूज आली." ती ओशाळं हसली. "बाग हिरवी दिसती म्हणून फवारणी कधी थांबवली नाय आमी. अंगाच्या बाबतीत मात्र फसले."

तिला आत बोलावलं. उठताना तिने आपली जागा पदराने पुसली. "इथं बसा. इथवर ऊन येत नाय."

मी तिच्या जागी सरकले. माझा नंबर आल्यावर डॉक्टरांकडे गोळ्या बंद करायचा विषय काढला नाही. पुढच्या महिन्याच्या तेवढ्या लिहून घेतल्या.