द्राक्षांच्या घडाची मागची बाजू

नव्वदच्या दशकात नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत कुणाचंही लग्न ठरलं की रुखवताचं काम आत्याकडे जायचं. रुखवत म्हणजे नवरीकडच्यांनी हॉलमध्ये मांडलेलं, हाताने केलेल्या वस्तूंचं आणि फराळाचं प्रदर्शन. नवऱ्याकडच्या बायका ते बघायला यायच्या, म्हणजे चुका काढायला. आत्याच्या लाडवांत मात्र कुणाला कधी चूक सापडली नव्हती, आणि तिला त्याचा मनापासून अभिमान होता.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी नववीत होते. मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचा टेबलक्लॉथ करायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. नक्षी द्राक्षांच्या घडांची. टाके आत्यानेच शिकवले. वेलीला साखळी टाका, पानांच्या कडेला काळ्या दोऱ्याची उलट टीप, एवढं मला झकास जमायचं, कारण ते लोकांना दिसायचं. माझी द्राक्षं जरा करवंदांसारखी दिसत होती, पण ते मला सोडून सगळ्यांना कळत होतं.

अडायचं ते दोऱ्याच्या टोकांपाशी. आत्याचा नियम होता, की गाठ मारायची नाही. टोक सुईत ओवून मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवायचं, मग कापायचं. एकेका घडाला अशी वीस-वीस टोकं. हे काम मला माझ्या बुद्धीच्या मानाने फारच हलकं वाटलं. मी एक शोध लावला. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, ती जास्त चिकट व्हावी म्हणून त्यात गुळाचा चांगला मोठा खडा घातला, आणि सगळी टोकं मागून चिकटवून टाकली. वर इस्त्री फिरवली. चार दिवसांचं काम एका दुपारीत उरकलं म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूष होते.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये माझा टेबलक्लॉथ अंथरला आणि त्यावर आत्याच्या लाडवांची ताटं मांडली. नवऱ्याकडची मंडळी ओझरहून आली. बायका रुखवताभोवती जमल्या. "टेबलक्लॉथ कुणी केला हो? छान आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात ताईची होणारी चुलतसासू लाडवांवर वाकली.

"अगं बाई, मुंग्या. कधीचे केलेत हे लाडू?"

मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून चढून टेबलक्लॉथच्या खाली शिरत होती. तिथून थोड्या वाट चुकून ताटांत आल्या होत्या. हे फक्त मला समजलं, कारण खाली काय वाढून ठेवलंय ते फक्त मला माहीत होतं. आत्या म्हणाली, "परवाच केलेत हो." आवाज इतका बारीक, की कुणी ऐकलाच नाही. तिने ताटं उचलली आणि आत नेली. एरवी माझं तोंड मिटत नाही, पण तेव्हा दातखीळ बसली होती.

त्यानंतर आत्याने कुणाच्याही रुखवताला लाडू केले नाहीत. कुणी विचारलं तर हात दुखतात म्हणायची. मीही तेच सगळ्यांना सांगायचे.

माझं लग्न ठरलं तोवर मी सव्वीस वर्षांची झाले होते. लाडू तिनेच करावेत म्हणून तिच्याकडे गेले. ती नाही म्हणाली, तेव्हा मला राहवेना आणि मी खळीचं, गुळाचं सगळं सांगून टाकलं. ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

"माहितीये मला. तो टेबलक्लॉथ मीच झटकला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, आत्या?"

"तू बोलशील म्हणून थांबले. आधी जेवणं होईपर्यंत थांबले, मग ताईची पाठवणी होईपर्यंत. मग वाटलं, दहावी झाली की सांगेल."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं, चहाही दिला. लाडू मात्र तिने केले नाहीत.