सोप्यातली मोटार

लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरी करायची असते, आणि न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. आमच्याकडं ही रीत कुणाला सांगावी लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी मात्र आषाढातच माझ्या माहेरी, शिराळ्याच्या बाजूला, सांगावा धाडला: मुराळी पाठवू नका, सून आमच्या मोटारीतून येईल.

मोटार म्हणजे काय, तर सांगलीच्या कुणा डॉक्टरनं टाकून दिलेलं धूड. तासगावजवळच्या आमच्या गावात तोवर ट्रॅक्टर होते, यष्टी होती, पण घरची मोटार कुणाची नव्हती. सासरे पलटणीत ड्रायव्हर होते. त्यामुळं गाडीतलं आपल्याला सगळं कळतं हा त्यांचा ठाम समज, आणि रंग घरीच द्यायचा हेही त्यांनीच ठरवलं. बाहेर पावसाची भुरभुर, म्हणून सोप्याची पुढची कुडाची भिंत काढली, म्हशी शेजाऱ्याच्या गोठ्यात हलवल्या आणि मोटार घरात घेतली. आत माजघर आणि स्वयंपाकघर, मागं परसू, त्याला पुरुषभर उंच भिंत. बाहेर पडायचं तर मोटार आणि सोप्याची भिंत यांच्यामधनं पोट आत ओढून, आडवं होऊन सरकायचं. सासूबाई अंगानं भारी. त्यांनी त्या दिवसापासून बाहेर जायचं सोडूनच दिलं.

काम मात्र माझ्या वाट्याला आलं. जुना रंग खरवडायचा, चेपलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पाणी मारत पॉलिशपेपरनं घासायची. "सारवणाऱ्या बाईचा हात कसा सपाट फिरतो बघा," असं सासरे कौतुकानं म्हणायचे, आणि त्या कौतुकापायी माझी बोटं सोलून निघायची. हे पंचमीपर्यंत होणार का, असं मी नवऱ्याला एकदा विचारलं. "आबा म्हणत्यात तर हुईल की," म्हणाला. बापाच्या शब्दापुढं त्याचं स्वतःचं मत कधी सापडायचंच नाही. मला त्याचा राग यायचा. अजूनही आठवलं की येतो.

पहिला हात दिला तर रंगावर पांढुरकी साय धरली. पावसाळ्यातली ओल दुसरं काय करणार? पण सासऱ्यांच्या मते माझंच घासणं कमी पडलं होतं. पुन्हा घासा. मी आत भाकरी थापायची, सोप्यात येऊन मोटार घासायची, परत आत. तिकडं माहेरी झोके बांधले असतील, बरोबरीच्या पोरी सासरहून आल्या असतील, आई दर यष्टीला रस्त्याकडं बघत असेल, आणि मी इथं डॉक्टरच्या मोटारीचं दार चोळत बसलेय. पहिली पंचमी एकदाच येते. ती गेली की गेली. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

चवथीच्या सकाळी शेवटचा हात दिला, आभाळी रंगाचा. नवऱ्यानं पंप हापसायचा, सासऱ्यांनी फवारायचं. खरं सांगायचं तर रंग लय झ्याक बसला. मग हुकूम सुटला की उद्यापर्यंत कुणी मोटारीच्या कडेला फिरकायचं नाही. म्हणजे बाप्ये बाहेर आणि आम्ही दोघी बायका आत कोंडलेल्या. पण काचा अजून बसायच्या होत्या, दिवे बसायचे होते, सीटा माजघरात उभ्या होत्या. आणि पंचमीला आमच्यात काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा चढवत नाहीत, जमिनीत कुदळ मारत नाहीत. त्या दिवशी मोटारीलाही पाना लावायचा नाही, असं सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. मग मोटार जाणार कशी? घरात सगळ्यांना हे कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

दुपारी माझा थोरला भाऊ भिजत आला. आईला राहवलं नव्हतं, तिनंच पिटाळलं होतं. मोटारीच्या टपावरनं मला त्याचं तोंड दिसलं.

"आवं पावनं, सांगावा धाडला हुता की," सासरे त्याला म्हणाले. "उद्या दुपारपातर आणून सोडतो पोरीला."

"तसं न्हवं मामा, आई म्हणली..." एवढं बोलून भाऊ भिजलेली टोपी पिळायला लागला. बहिणीच्या सासरी कोण आवाज चढवतो? मोटारीला काचा नव्हत्या, म्हणून त्याचा चहा मी एका खिडकीतनं आत दिला आणि नवऱ्यानं वाकून दुसऱ्या खिडकीतनं बाहेर घेतला. भावानं तो उभ्यानंच प्याला. "येतो. यष्टी चुकायची," म्हणाला. मी उंबऱ्यातनं पाऊल पुढं टाकलं, तसा तोच म्हणाला, "थांब तितंच. रंग वला हाय, खराब हुईल."

सख्ख्या भावानं हे म्हणावं. सासऱ्यांच्या सगळ्या हुकमांपेक्षा ते मला जास्त लागलं.

मी गेले. आडवी झाले नाही, पोट आत ओढलं नाही. माणसं आपल्या घरातनं रोज बाहेर पडतात तशी सरळ चालत गेले. मागच्या चाकापासून पुढच्या दिव्याच्या भोकापर्यंत माझ्या पातळानं तो आभाळी रंग पुसत नेला. बाहेर आले तर नवऱ्याच्या हातात कपबशी तशीच. सासरे मोटारीकडं बघत राहिले. त्यांना आता रडू फुटतंय की काय असं वाटून मला वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बोलल्या त्या सासूबाईच, आतनं. "आता काय ही मोटार पंचमीला जात न्हाई. पोरीला यष्टीनं जाऊ द्या." मग धुतलेलं पातळ हातात धरून त्या मला म्हणाल्या, "ह्ये तेवढं बदलून जा गं. लोकं काय म्हणतील?"

मी तशीच निघाले. बदलायला आत जायचं तर पुन्हा त्या मोटारीच्या कडेनं जावं लागलं असतं.